आंब्याची खोली
पेंढ्यातल्या आंब्यांच्या वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं तापतं. वाटणीत रत्नागिरीतल्या थोरल्या घराची आंबे पिकवायची खोली तेवढी आमच्या वाट्याला आली. आईने थंडीभर हळूहळू भिंती लिंपल्या, घासलेटच्या खोक्याचा देव्हारा केला, कोनाड्याभोवती कावेने वेल काढली. वैशाखात मोठे काका आंब्यांच्या टोपल्या घेऊन थेट आत शिरले, आमची अंथरुणं पायाने सारली आणि सारवलेल्या जमिनीवर पेंढा पसरू लागले. "अढी दरवर्षी इथंच घालतो आपण," ते म्हणाले. थोरल्या दिरासमोर कधी मान वर न केलेली आई देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. "भावोजी, आंबे कुठंही पिकतील. माझी मुलं कुठं ठेवू?" काका टोपल्या उचलून निघून गेले. मी आजही आंबे पडवीतच पिकवते. घरात त्यांना जागा नाही.