समितीसाठी एक माणूस

दिंद्रुडच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून मी निवृत्त झाले आणि शहरात राहायला आले. गप्प घरी बसायचं होतं, पण तेवढी अक्कल असती तर काय! नगरपरिषदेनं पर्यावरण सल्लागार समिती काढली आणि मी अध्यक्ष व्हायला हो म्हणून बसले. सोबत एक डॉक्टर, एक वकील आणि एक किराणा व्यापारी. परळीच्या औष्णिक वीज केंद्राकडून राखेचे टिप्पर उघडेच आमच्या रस्त्यानं जायचे आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर राख बसायची. त्या टिप्परांवर ताडपत्री चढवली तरी पुष्कळ झालं, एवढीच माझी आशा होती.

समितीला सगळ्यात आधी काय मिळालं, तर हिरव्या रंगाचा भलामोठा फलक. मग खोली मिळाली, जुन्या पाणीमीटरांच्या अडगळीची. आणि सभेचं इतिवृत्त लिहायला मिळाला चक्क पाणीपुरवठ्याचा व्हॉल्वमन. त्याचं अक्षर चांगलं, म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी तो आम्हाला उसना दिला. धर्मापुरीकडचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. इतिवृत्त कर्मचाऱ्यानंच लिहायचं असा नियम, म्हणजे त्याच्याशिवाय सभाच होत नव्हती.

आता यातली गोम ऐका. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा, गल्लीवार पाळीनं. दुपारी टाकी भरली की ज्या गल्लीची पाळी तिचा व्हॉल्व हाच माणूस फिरवायचा. सभा दर बुधवारी दुपारी, आणि आमच्या गल्लीची पाळीही बुधवारचीच. आम्ही आत पाणी वाचवण्यावर बोलत बसायचो आणि बाहेर आमच्याच गल्लीचे नळ कोरडे. सभा संपवून तो धावत जायचा, तोवर दिवस मावळलेला असायचा, गळकी टाकी अर्धीअधिक रिकामी झालेली असायची आणि नळाला जेमतेम करंगळीएवढी धार.

शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली होती. एका बुधवारी त्यांनी मला दारातच अडवलं.

"कावून हो बाई, आज बी मिटिंग हाय का?"

"आहे काकू."

"मंग बाळाची दुपटी काय तुमच्या मिटिंगीत आणून धुवू?"

मी तशीच पुढे गेले आणि सभेत म्हणाले, वार बदला. पण वार कुठला घ्यायचा? रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीची पाळी असतेच. व्यापारी म्हणाले, "गुरुवार नको, गुरुवारी आमची गल्ली." डॉक्टरांना शुक्रवार चालेना. शेवटी वकिलांनी तोडगा काढला. दर आठवड्याला वेगळा वार घ्यायचा, म्हणजे दर वेळी वेगळी गल्ली कोरडी राहील आणि कुणावर अन्याय होणार नाही. हे ते अगदी गंभीरपणे बोलत होते! माझ्या डोक्यात तिडीक गेली. राखेचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

मी थेट मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. म्हटलं, समितीला पूर्णवेळ माणूस द्या, नाहीतर समिती बंद करा. त्यांनी चहा पाजला, हसले, "बघतो मॅडम" म्हणाले. आणि खरंच बघितलं. काही दिवसांत आदेश निघाला. तोच व्हॉल्वमन आता कायमचा आमच्या समितीकडे. पाण्याकडची त्याची जागा भरती निघाली की भरणार. आदेश ऐकून आमच्या सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पुढच्या बुधवारी आमच्या गल्लीत थेंबही आला नाही. काकू रिकामी घागर घेऊन आल्या. मला वाटलं आता भांडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, पोरीला अंघोळीला पाणी न्हाई." माझ्या घरातलं होतं तेवढं मी त्यांच्या घागरीत ओतलं. लाजेनं त्यांच्याकडे बघवेना. मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, माणूस तुम्हीच मागितला होता."

पुढच्या सभेत मी बसल्याबरोबर म्हणाले, "पहिला ठराव लिहून घ्या. समितीचा कर्मचारी पाणीपुरवठ्याकडे परत पाठवावा."

त्यानं पेन उचललंच नाही.

"बाई, मला परत न्हाई जायचं."

"का हो?"

"पाणी कमी आलं की गल्लीत माझी माय काढत्यात. काल बाजारात गेलतो, तितं बी एकीनं धरलं. हितं पंखा हाय, खुर्ची हाय. तुमी मला अहो-जाहो करता. इतक्या वर्षांत कुणी केलं न्हाई, बाई."

एवढे दिवस मी सगळ्यांवर चिडत होते, मुख्याधिकाऱ्यांवर, वकिलांवर, त्या हिरव्या फलकावरसुद्धा. या माणसावर चिडायला मात्र मला काही सापडेना. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"तुमचं खरं आहे," मी म्हणाले, "पण गल्लीत पाणी नाही."

त्यानं वही ओढली आणि स्वतःला परत पाठवायचा ठराव लिहायला घेतला, नेहमीच्याच सुबक अक्षरात, सावकाश. पंखा गरगरत होता. लिहून झाल्यावर मान वर न करता त्यानं विचारलं,

"बाई, खाली 'सर्वानुमते मंजूर' लिहू का?"

हो म्हणायला मला फार वेळ लागला.