गव्हातल्या चिंध्या

आमच्या फूड बँकेत माल तीन वाटांनी येतो. शहागंजचे व्यापारी डाळ-तांदूळ देतात, चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून बिस्किटं येतात, आणि नवा गहू घरात आला की लोक कोठीतला उरलेला जुना आणून देतात. हा घरोघरचा गहू आम्ही तेव्हा एकत्र ओतायचो आणि सारख्या वजनाची पोती भरून पाठवायचो. हिशोबाला ते सोयीचं पडे. हिशोब माझ्याकडे होता.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी एक आजी जवळजवळ धावतच गोदामात आल्या. मागून त्यांची सून, घामाघूम.

"कालचा आमचा गहू कुठंय?"

"का, आजी?"

"त्यात किड्याच्या गोळ्या हायत. परवाच चिंधीत बांधून घातल्या. हिनं मला न इचारता कोठी रिकामी केली."

"तुम्हीच म्हणालात ना, देऊन टाक म्हणून?" सून म्हणाली.

"देऊन टाक म्हणलं, मारून टाक नाय म्हणलं!"

या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत त्याच्याजवळ झोपलेला माणूस उठेलच याची खात्री नसते. कालच्या ढिगाची तीन पोती झाली होती. दोन समोर होती. तिसरं सकाळीच चितेगावजवळच्या मुलींच्या वसतिगृहात गेलं होतं. मी तिथल्या बाईंना फोन लावला.

"पोतं व्हय? मागच्या खोलीत ठिवलंय. सैपाकघरात उंदरं लई."

"त्या खोलीत कोणी आहे का?"

"बाकीच्या शाळंत गेल्यात. दोघी निजल्यात, ताप हाय म्हणून."

"त्यांना आत्ता बाहेर काढा. दारं-खिडक्या उघडा. पोत्याला हात लावू नका."

फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग बराच वेळ काहीच नाही. आजी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"आणल्या," बाई धापा टाकत म्हणाल्या. "धाकटी म्हणती, डोकं लई दुखतंय."

"तापानं, की...?"

"ते मला कसं कळावं, भाऊ?"

मी बाईंना त्या दोघींना घेऊन लगेच डॉक्टरांकडं जायला आणि गव्हातल्या किड्याच्या गोळ्यांचं सांगायला लावलं. इकडं नाकाला रुमाल बांधून आम्ही दोन्ही पोती अंगणात रिकामी केली. एकात लसणासारखा वास मारणारी चिंधी निघाली.

"आजी, एकूण किती चिंध्या होत्या?"

"दोन." त्यांनी बोटं मोजली. "का तीन? एक अर्धी गोळी उरली व्हती, ती बी बांधली का काय..."

मी त्यांना गाडीत घालून चितेगावला नेलं. वाटेत दोनदा विचारलं. एकदा दोन म्हणाल्या, एकदा तीन. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण त्या रडायला लागल्या होत्या.

वसतिगृहाच्या अंगणात तिसरं पोतं ताडपत्रीवर ओतलं. दुसरी चिंधी सापडली. आजींनी सगळा गहू काठीनं उलटापालटा केला, पुन्हा केला. तिसरी नव्हती.

"दोनच असतील," त्या म्हणाल्या.

"असतील म्हणून चालणार नाही, आजी."

एव्हाना त्या दोघी मुली डॉक्टरांकडून परत आल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, ताप साधाच वाटतो म्हणाले, पण सकाळपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं होतं. बाईंनी दोघींना ओसरीत निजवलं आणि त्या ताडपत्रीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता ह्या गव्हाचं काय?"

"तिन्ही पोती पुरायची. चिंध्यांसकट."

"आन् माझ्या पोरींनी उद्या काय खायचं?"

मी फोन केल्यावर शहागंजच्या एका व्यापाऱ्यानं ज्वारीच्या पिठाचं पोतं संध्याकाळच्या आत दुकानाच्या टेम्पोनं पाठवलं. गिरणीतलं, शिवलेलं. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शिवण उसवली, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पिठात घातला. तळ चाचपला, कोपरे चाचपले. मी टेम्पोजवळ उभा राहिलो. पोतं पुरतं तपासून झाल्यावर त्यांनी हात झटकला आणि आतल्या मुलींना परात आणायला सांगितली.