अंगणवाडीतला हिरवा दिवा

नागावच्या बाजूला मला अजून सगळे केबलवालाच म्हणतात. लोक टीव्ही सोडून मोबाइलला चिकटले तेव्हा मीही इंटरनेटच्या धंद्यात शिरलो, पण नाव तेच राहिलं. ‘आम्ही काय, छोटे धंदेवाले’ असं म्हणायला मला फार आवडायचं. छोटं म्हटलं की लोक बरंच काही पोटात घालतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग सरकारची एक योजना आली. आमच्यासारख्या छोट्यांना कमी व्याजाने कर्ज, आणि त्या कर्जातून मोठ्या कंपन्या जिथे फिरकत नाहीत अशा गावात आधी वायर न्यायची. माझ्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याचं एक भातशेतीचं गाव आलं. तिथे फोन लावायचा तर खिंडीपर्यंत चढून जावं लागायचं. अर्ज भरताना मी त्या गावाबद्दल इतकं पोटतिडकीने लिहिलं होतं की आता तो कागद वाचवत नाही.

कर्जाचा पहिला हप्ता मिळून वायरची भेंडोळी दारात येईपर्यंत दिवाळी उलटली होती. दिवाळीनंतर आमच्या किनाऱ्यावर पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो आणि सगळ्यांच्याच अंगात येतं. मामीने घराच्या मागच्या दोन खोल्यांचं होमस्टे केलं होतं. ती म्हणाली, “पाहुणे पहिलं वायफाय विचारतात रे. माझ्याकडे आधी दे.” मामीला नाही म्हणून परक्या गावाला हो म्हणणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर अजून जन्मायचाय. मामीला दिलं, मग तिच्या शेजाऱ्यांना, मग त्यांच्या व्याह्यांना. नारळाच्या बागांतून वाट काढत काढत वायर संपून गेली. गावाचं शिमग्यानंतर बघू, असं मी ठरवलं.

तपासणी मात्र शिमग्याची वाट बघत बसली नाही. साहेब येणार असा निरोप आला, तेव्हा आदल्या दिवशी मी त्या गावात गेलो, अंगणवाडीच्या भिंतीवर एक राउटर ठोकला आणि वायरचा तुकडा बाहेरच्या खांबापर्यंत नेऊन गुंडाळून ठेवला. पुढे काहीच नव्हतं. राउटरला वीज मिळाली की त्याचा एक हिरवा दिवा लागतो, इंटरनेट असो वा नसो. साहेबांना फोटो हवा होता, त्यात दिवा छान दिसला.

कागदावर गावातल्या कुणाची तरी सही लागत होती. अंगणवाडीच्या ताईंनी सकाळपासून अंगण सारवून ठेवलं होतं आणि राउटरला हळदकुंकू वाहिलं होतं. पेन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, “दादा, दिवा लागला म्हंजे चालू झालं ना?”

“व्हय,” मी म्हणालो. त्यांच्या बोलीत म्हणालो, म्हणजे खरं वाटावं. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि मला कोकम सरबत दिलं. ते मी प्यालो.

शिमगा गेला, मे गेला, पाऊस लागला. दरवेळी मला काहीतरी कारण सापडत होतं.

श्रावणात मामीकडे वायर दुरुस्त करायला गेलो. पाहुणे नव्हते, खोल्या बंद होत्या. ओटीवर पायरीच्या कडेला ताई बसल्या होत्या, मांडीवर फोन, शेजारी ओली छत्री. मला वाटलं भांडायला आल्यात. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुमची रेंज इथं चांगली हाय.”

मुलांची हजेरी आणि वजनं फोनवरून पाठवायला त्या एसटीने खाली येत होत्या. पावसात खिंड चढवत नाही. मामीने त्यांना पासवर्ड दिला होता. त्यांच्याच गावाच्या वायरवर त्या पाहुण्यासारख्या अंग चोरून बसल्या होत्या.

मी विचारलं, “पूर्वी रजिस्टर चालायचं ना?”

“आता न्हाय घेत. गावात नेट आलंय असं लिवलंय ना. सही माझीच हाय.” उशिरा पाठवलं म्हणून तीन महिने त्यांच्या मानधनाला कात्री लागली होती. मग फोनकडे बघत त्या म्हणाल्या, “मी रोज तो डबा बंद करून चालू करते. मला वाटलं, मलाच चालवता येत न्हाय.”

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच मागितलं: वायर अजून जोडली नाही, असं मी एका कागदावर लिहून द्यावं, म्हणजे कापलेले पैसे मिळतील. मी म्हणालो, “बघतो.” तो कागद गेला असता तर माझा पुढचा हप्ता अडकला असता, आणि तपासणीचं बिंग फुटलं असतं ते वेगळंच. कागद मी दिला नाही. त्याऐवजी उसनी वायर आणली, भर पावसात आठ दिवसांत गावाला जोडणी दिली आणि मोठं काम केल्यासारखा चिखलाने भरलेला घरी आलो. बायकोने कौतुक केलं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

महिनाभराने अंगणवाडीत गेलो. इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. ताईंनी महिन्याचे पैसे मोजून पुढे केले. मी हात मागे घेतला आणि उदारपणे म्हणालो, “ताई, तुमच्याकडून नको. अंगणवाडीला कायम फुकट.”

“फुकट नको,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पैसे दिले म्हंजे बंद पडलं तर बोलता येतं.”

मी पैसे घेतले. त्यांनी पावती मागितली आणि मी ती लिहीत असताना माझ्या सहीपर्यंत नीट बघत उभ्या राहिल्या.