ऐंशी पोरींचं बारसं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. नातवंडांना माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत — ही तेवढी मी गाळत आले.

वीसेक वर्षं झाली असतील. लोहारा तालुक्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी कारकून होते. संगणक येणारी मी एकटीच — आणि काय तो तोरा! माऊसला हळदीकुंकू लावलं होतं या भवानीनं.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांसाठी चौथीच्या पोरींचे फोटो काढले होते. कॅमेऱ्यातून नुसते आकडे निघाले — एक, दोन, तीन. नावं हातानं लिहिलेल्या यादीत, त्याच क्रमानं. मी यादी टाइप केली, तिच्यावरून बॅच फाइल, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, बनवली. ओळीओळीला एकच हुकूम: या फोटोचा आकडा काढ, हे नाव ठेव. दोन टिचक्या, आणि ऐंशी पोरींचं बारसं एका दमात! हा किस्सा घरात मी लई वेळा सांगितलाय — इथपर्यंतच.

टाइप करताना एक ओळ मी उडवली होती. सविता नावाच्या पोरीच्या खाली लिहिलं होतं 'नकोशी', आणि पुढं वडील-आडनावाच्या जागी 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन रेघा. मला वाटलं, कुणीतरी चेष्टेनं शेरा मारलाय — परीक्षा नकोशी! ते पोरीचं नाव असेल, हे मला सुचू नये? तिसऱ्या लेकीला घरोघरी काय म्हणतात, मी ऐकलं नव्हतं का?

त्या ओळीपासून सगळं एकानं सरकलं. नकोशीच्या फोटोला खालच्या सुनंदाचं नाव लागलं, सुनंदाच्या फोटोला तिच्या खालचीचं. शेवटी एक फोटो बिननावाचा उरला. मी मूळ कागद काढून बघितला — आणि कळलं: नकोशी ही सविताची धाकटी बहीण, त्याच वर्गातली. अर्ज पाठवायला अजून दोन दिवस होते. नुसतं "चुकलं" म्हणायचं होतं.

पण तोवर चुकीची नावं मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, नजरेस आली. नकोशीला समोर बोलावून त्यांनी मला विचारलं, घोळ कसा झाला? मी म्हणाले, "ही पोरगी यादीत नसताना फोटोच्या रांगेत घुसली, बाई."

"घुसले न्हाय जी," ती म्हणाली. "सवितक्काच्या खाली हाय माजं नाव."

मोठ्या बाईंनी पडद्यावर यादी बघितली. माझी यादी. त्यात ती नव्हती. कागद माझ्या तळहाताखाली होता — मी हात उचलला नाही. का? चारचौघांत हसं होईल म्हणून. एवढंच. बाकीच्या फोटोंची नावं मी गुपचूप नीट केली. तिचा अर्ज गेलाच नाही.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्रावर गेले. ती पायरीवर बसली होती, आत गेलेल्या सविताच्या चपला मांडीवर घेऊन. मला बघून उठून उभी राहिली.

"नमस्ते, बाई."

मी घड्याळात बघितलं, आणि तिच्या बाजूनं आत गेले.