घंटीभाऊंचा बोलायचा दिवस

घंटीभाऊ बोलत नसत. चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या कॉलनीत त्यांची-आमची भिंत एकच होती, पण त्या भिंतीपलीकडून त्यांचा आवाज म्हणून कधी यायचा नाही. खाणीत माणसं उतरवणारा पाळणा ज्या इंजिनावर चाले, ते इंजिन भाऊ चालवत. खालून घंटी वाजली की पाळणा वर घ्यायचा, पुन्हा वाजली की थांबवायचा. कान सदा घंटीकडे, म्हणून हे नाव. दोघांच्या वाटचं त्यांची बायको, आमची वैनी, बोलून घेई. "ह्यायची जीभ कंपनीनं जमा करून घेतली," असं ती मला हसून सांगायची.

पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा-बायको नागपूरला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक बघायला निघत, आणि तुमसर रोड स्टेशनात गाडीत पाय ठेवला की भाऊंना कंठ फुटे. सकाळी इतवारीत तर्री-पोहे, मग मिरवणूक, दुपारी सावजीचं मटण, संध्याकाळी सीताबर्डीची रोषणाई आणि वर सिनेमा. भाऊ दिवसभर बोलत. हॉटेलवाल्याशी हुज्जत घालत, पडद्यावरच्या खलनायकाला शिव्या देत. मुक्काम वैनीच्या बहिणीकडे. दुसऱ्या दिवशी कॉलनीत परतले की पुन्हा गप्प. वैनी मात्र तो एक दिवस पुढच्या पोळ्यापर्यंत पुरवून पुरवून खाई. "तिथं काय म्हणले माहीत आहे का हे?" अशी तिची सुरुवात असायची. मला तिचा हेवा वाटे. माझा नवरा रोज बोलायचा, पण त्यातलं कुणाला सांगावं असं काही नसायचं.

ऐंशी सालाच्या पुढेमागे वैनीच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि उशीर झाला म्हणाले. पोळा आला तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं. तरी तिनं हट्ट धरला. "मले मारबत पाहाची आहे. दवाखान्याचं नाव काढू नका." आधाराला मी सोबत गेले.

त्या वर्षी गाडीत भाऊ बोललेच नाहीत. वैनी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतवारीत पोह्यांची प्लेट पुढे आली, तिनं नुसती तर्री बोटानं चाखली आणि "औंदा बी तिखटच हाये" म्हणाली. भाऊ त्यावरही गप्प. मला त्यांचा फार राग आला. बाईचे थोडे दिवस राहिलेत आणि या माणसाला आजही तोंड उघडवत नाही?

आम्ही वैनीला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. ढोलताशे जवळ आले. बांबू-कागदाची ती अवाढव्य पिवळी मारबत गर्दीवरून डोलत आली. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, असा लोकांचा एकच कल्ला चालला होता. भाऊ एकदम गर्दीत घुसले. मारबतीच्या अगदी पुढ्यात जाऊन, दोन्ही हात वर करून ओरडले, "माह्या बायकोचं दुखणं घेऊन जा गे मारबत!" पुन्हा ओरडले, पुन्हा. घसा फाटला तरी थांबेनात. आजूबाजूची माणसं आधी हसली, मग काय ते समजून त्यांच्यासोबत तेच ओरडू लागली. कोण कुठली माणसं, पण सगळी वैनीचं दुखणं घेऊन जा म्हणत होती.

"पाह्य, कसे वरडून राहिले," वैनी मला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याचं कौतुक मावत नव्हतं. मला रडू आवरेना.

मटण, सिनेमा राहूनच गेलं. दुपारच्या गाडीनं परतलो. भाऊंचा आवाज पार बसला होता आणि वैनी वाटभर बोलत होती.

दिवाळीच्या आधीच ती गेली.

पुढच्या पोळ्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलनीतली पोरं पळसाच्या फांद्या घेऊन "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर निघाली. भाऊ ओट्यावर बसले होते. मी चहा नेऊन दिला. पोरं दूर गेली तरी ते त्याच दिशेला बघत होते.

"मी तर दुखणंच ने म्हणलो होतो, बाई," ते म्हणाले. "थे तिलेच घेऊन गेली."