आधी स्वच्छ राहायला शिका

“धुता तरी का कधी? मिठागरातल्या बायका तुम्ही. आधी स्वच्छ राहायला शिका, मग या.”

पेणच्या दवाखान्यात डॉक्टर हे मोठ्यानं बोलला. त्याचं टेबल आणि बाहेरचे बाक यांच्यामध्ये फक्त एक पडदा. बाकांवर दहा-बारा माणसं, त्यात आमच्या गावचे दोघे. मला हसू ऐकू आलं.

मी दबक्या आवाजात एवढंच म्हटलं होतं, “खाली खाज येते. कातडी जळते.” किती दिवस, हे त्यानं विचारलं नाही. तपासलं नाही. एका ट्यूबचं नाव लिहिलं आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

तेव्हा मी पंचविशीत. नवरा आणि मी खाडीकाठच्या मिठागरावर कामाला. दिवसभर पाय खाऱ्या पाण्यात, ओली साडी मांड्यांना घासायची. बाईला बसायला आडोसा नाही, म्हणून पाणीसुद्धा पीत नसे.

त्या डॉक्टरचं मी ऐकलं. आज त्याच्या बोलण्यापेक्षा हेच जास्त लागतं. शिकलेला माणूस, खरंच बोलत असेल, असं वाटलं. घाण माझ्यातच असेल. दिवसातून तीनदा कढत पाणी. साबण. मग पाण्यात जंतुनाशक. वर ती ट्यूब. पंधरा दिवसांत कातडी सोलली, भेगा पडल्या. लघवीला बसले की पदर दातात धरायचे.

थोरली बहीण रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. ती आली, माझी चाल बघितली आणि म्हणाली, “चल गो. काय विचारू नको.” तिनं मला रोह्याला एका बाई डॉक्टरकडे नेलं. त्या तिथं आठवड्यातून एकदाच यायच्या. त्यांनी दार लावलं. मला विचारून तपासलं.

“तुम्ही अस्वच्छ नाही,” त्या म्हणाल्या. “उलट फार धुतलंत. साबणानं, औषधानं कातडी भाजलीय.”

मी रडले नाही. मला राग आला. पहिल्यांदाच.

त्यांनी ट्यूब बंद केली. साधं पाणी, सैल सुती कपडा. पुढे म्हणाल्या, “आठवड्यात खाज गेली नाही तर दाखवायचं. फोड, जखम, पांढरा चट्टा, लघवीला आग, ताप, असलं काही दिसलं तर आठवडाही थांबायचं नाही. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर लगेच निघायचं.”

बरी झाल्यावर मी हे सासूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. मग म्हणाली, “मलाबी हाय गो. चार वर्सं झाली. पांढरं पडलंय. काल कापडाला रगत लागलं.”

चार वर्षं. एकाच घरात.

बाई डॉक्टर यायला अजून पाच दिवस होते. दुसऱ्या सकाळी सासूला घेऊन मी त्याच पेणच्या दवाखान्यात गेले. तिचं ऐकून तो म्हणाला, “या वयात कसली खाज, म्हातारे?”

बाहेर खसखस. सासू उठायला लागली. मी हात धरून तिला खाली बसवलं.

“हिची पाळी जाऊन दहा वर्सं झाली,” मी म्हटलं. बाकांवर ऐकू जाईल असं. “रगत येतंय. पांढरा चट्टा हाय. तुमी तपासणार नसाल तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या. आन त्यावर लिवा, मी तपासलं नाय.”

“तू मला डॉक्टरकी शिकवतेस?”

“व्हय. चिठ्ठी द्या.”

त्यानं चिठ्ठी लिहिली. तपासलं नाही, हे मात्र लिहिलं नाही.

मोठ्या दवाखान्यात कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. चट्ट्याच्या एका कडेला कॅन्सर सुरू झाला होता. तेवढा भाग कापला. सासू वाचली. पण पुढे कायम बसताना कळवळायची. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आधी आणली असती तर बहुतेक मलमावर भागलं असतं.

हे मी विसरत नाही. विसरायचंही नाही.

आता गावात कुणी बाई तोंडाला पदर लावून “खाली कायतरी झालंय” म्हणाली, की मी विचारते, किती दिवस झाले? आणि तिच्यासोबत निघते. डॉक्टर कुणीही असो, तिला तपासल्याशिवाय मी तिथून हलत नाही. हाकललं तर दारात उभी राहीन. कुठं दुखतंय, त्या जागेचं नाव घेऊन मोठ्यानं सांगेन.