चालता चालता बोलता आलं पाहिजे

साठी उलटली की माणसाला श्वास घेता येत नाही, हा शोध आमच्या गावात अलीकडेच लागला. त्याआधी आम्ही सगळे अडाण्यासारखे आपोआप घेत होतो. मी तर पहिली-दुसरीच्या पोरांवर ओरडण्यात सगळी नोकरी काढली. तेव्हाही घेतच असणार, पण त्यात काही शास्त्र नव्हतं.

शास्त्र शिकवायला एक मॅडम आली. गावचीच सून, नागपूरला कसलासा कोर्स करून आलेली. आमच्या विहारात सकाळची वंदना आटोपली की त्याच सतरंज्यांवर तिचा वर्ग भरायचा. म्हाताऱ्यांसाठी सावकाश व्यायाम. दुसऱ्या आळ्यांमधले लोकही यायचे, कारण फुकट होता आणि पंखे चांगले होते. मॅडमची भाषा फार शुद्ध. "आपल्या गुडघ्यांशी संवाद साधा," म्हणायची. माझे गुडघे कोंबडं आरवायच्या आधी संवाद सुरू करतात. त्यांना गप्प कसं करायचं, ते शिकायला मी गेले होते. एकदा तिनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. खांदे सैल सोडा, पोट सैल सोडा, असं करत करत म्हणाली, "आता प्राण हळूहळू सोडा." माझ्या शेजारच्या बाईनं एक डोळा उघडून विचारलं, "आत्ताच काय वो मॅडम? मले घरी जाऊन सैपाक कराचा आहे." त्या दिवसापासून मॅडम श्वास म्हणायला लागली.

आमच्या ह्यांना मीच ओढून नेलं होतं. हे जंगलखात्यात वनरक्षक होते. बरीचशी नोकरी मोहर्लीच्या बाजूला झाली, मधली काही वर्षं सिरोंच्याला. घरी यायचे ते जंगलातली सगळी शांतता सोबत घेऊन. 'जेवण', 'पाणी', 'दिवा मालव' एवढ्यावर आमचा संसार व्यवस्थित चालला. वर्गात ते मागच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसायचे. बाकीचे डोळे मिटायचे तेव्हा हे पहारा द्यायचे.

"मले श्वास शिकवते काय हे पोरगी?" पहिल्याच दिवशी बाहेर पडताना म्हणाले. "आख्खं जंगल पायी पालथं घातलं म्या."

मी म्हटलं, "हो, वाघ तुमाले पाहूनच झाडावर चढत असतीन."

पण मॅडमचं एक वाक्य ह्यांना कसं कोण जाणे पटलं. ती म्हणाली, "चालायला जाल तेव्हा इतकंच भरभर चाला, की चालता चालता बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य. वाक्य मध्येच तुटलं, तर समजा, शरीर थांबा म्हणतंय." ह्यांनी त्यातला अर्धाच भाग ऐकला आणि तो साहेबाचा हुकूम समजला. चालताना बोलायचं. झालं.

वर्ग सुटला की आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर फिरायला जायचो. ऊन चांगलं वर आल्यावर, कारण अंधारात त्या बाजूला वाघही फिरायला निघतो आणि त्याला अजून कुणी सावकाश व्यायाम शिकवलेला नाही. सडक सपाट आहे, शेवटी पाळीवर जायला चढ आहे. त्या चढाच्या तोंडाशी एक बेहड्याचं झाड आहे. एक दिवस हे तिथं थांबले आणि म्हणाले, "हा बेहडा होय."

मी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का. नव्हतं. माझ्याशीच बोलत होते.

मग रोज बोलायला लागले. बेहड्याची साल, बेहड्याचं फळ, ते कशावर चालतं. थोडं वर गेलं की मोह. मोहाबद्दल तर मला, झाडीतच जन्मलेल्या बाईला, सांगायचे की याची फुलं वेचतात. पाळीवर पोचलं की ऐन. ऐनाच्या खोडाला हात लावून उभे राहायचे आणि त्याच्या लाकडाचं माहात्म्य सांगायचे. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा बोलायला लागला म्हणून बाईनं खुश व्हायला हवं. मीही झाले, थोडी. तरी जीभ गप्प बसेना.

"मॅडमनं चालता चालता बोला म्हटलं. तुमी त थांबू थांबू बोलता. झाडाईची हजेरी घेऊन राह्यले काय?"

"तुले जंगल... समजत नाई," ते म्हणाले आणि ऐनाकडं बघत राहिले.

इकडं वर्गात मॅडमनं श्वासाकडे बघायला शिकवलं. घ्यायचा नाही, ढकलायचा नाही, फक्त नाकाशी येतो-जातो तो बघायचा. मला ते काही जमलं नाही. फळ्याकडं तोंड करूनही मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते ओळखायचं, हीच माझी सवय. डोळे मिटले की मला स्वतःचा श्वास सोडून सगळ्या वर्गाचा ऐकू यायचा. एकीचं नाक शिट्टी वाजवायचं. एक काका मनःशांतीच्या पलीकडे जाऊन चक्क घोरायचे. आणि मागच्या भिंतीकडून एक श्वास यायचा, आत जाताना अडत अडत जाणारा आणि बाहेर पडायची फार घाई असलेला. मला वाटलं, तिकडं बसणाऱ्या बिडीवाल्या म्हाताऱ्याचा असणार. मनात त्याला दोन शब्द सुनावले. मग डोळे उघडून पाहिलं, तर म्हातारा त्या दिवशी आलाच नव्हता. भिंतीला आमचे हे एकटेच टेकले होते.

नुसतं टेकून बसलेल्या माणसाचा श्वास असा?

त्या दिवशी फिरायला निघालो तेव्हा मी झाडांची माहिती ऐकलीच नाही, मधल्या जागा ऐकल्या. "हा... बेहडा होय. याची साल... पाह्य." बेहड्याची साल मी इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटून फळ्यावर काढून दाखवली असती. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. सपाट सडकेला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, बेहडेसुद्धा आहेत. त्यांच्याकडं हे ढुंकूनही बघत नव्हते. ह्यांचं सगळं वनशास्त्र चढावर होतं.

तरी माझं मन खात्री करायला धजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळीच्या वाटेवर म्हशी बसलेल्या होत्या, म्हणून आम्ही पलीकडच्या बाजूनं चढलो. त्या बाजूला झाडच नाही. मध्यावर विजेचा एक खांब आहे तेवढा. हे खांबापाशी थांबले. त्याला हातानं धरलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. काहीतरी सांगायला हवं होतं.

"हा... खांबा होय," म्हणाले.

एरवी मी हे वाक्य गावभर सांगितलं असतं, आठवडाभर पुरवलं असतं. तेव्हा हसू आलं नाही. मी तिथंच मातीत बसकण मारली.

"मले दम लागून राह्यला. थांबा जरा."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला रडायला आलं. "काऊन सांगत नाई मंग?" शेजारी बसत म्हणाले. "नाकानं घे. हळू सोड. घाई... करू नोको. दम खा जरा." मला शिकवता शिकवता स्वतः पोटभर श्वास घेतले. मॅडमचं सगळं पाठ होतं ह्यांना. मी आज्ञाधारकपणे, अजिबात न लागलेला दम खात बसले.

आता ह्यांना सरळ डॉक्टरकडे चला म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी चढ पळत चढून दाखवतील. डॉक्टर धडधाकट माणसातही रोग शोधून काढतात, हे ह्यांचं पक्कं मत. आणि ह्यांना काही झालं तर माझं काय होईल, ही गोष्ट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून मी घरी आल्यावर म्हटलं, "मले दवाखान्यात घेऊन चला. एकटीले भेव लागते."

इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. रिक्षात माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

डॉक्टरनं मला स्टुलावर बसवलं आणि काय त्रास होतो ते विचारलं. मी रिक्षातच जुळवून ठेवलेलं खोटं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे मागून बोलायला लागले.

"हिले चढावर दम लागते, साहेब. सपाटीवर काई नाई. छातीवर... कोणी बसल्यावानी वाटते. खांद्यात भरून येते, मंग हातात उतरते. रात्री उशी उंच लागते, नाई त झोप नाई येत. पायऱ्याईले... हात धरा लागते. पण हे कोणाले सांगत नाई. लोक म्हनतीन, खलास झाली."

ह्यातलं मला काहीच होत नव्हतं. मी तर उशीच घेत नाही. आणि हे सगळं इतक्या दिवसांत त्यांनी एका बेहड्याला तेवढं सांगितलं असेल.

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी स्टुलावरून उठले आणि ह्यांना म्हटलं, "बसा."

त्यांनी स्टुलाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. दाखवायला इथं एकही झाड नव्हतं. बसले. डॉक्टरनं नळी छातीला लावली आणि म्हणाला, "श्वास घ्या. हळूहळू सोडा." वर्गात एकदाही न मिटलेले डोळे ह्यांनी मिटले, आणि हात मागं करून माझं मनगट धरलं. खांबाला धरलं होतं तितकंच घट्ट.